राज्याने कसं मत दिलं, हे स्वतः वहीत उतरवून बघायचं असेल तर

४ जून २०२४, दुपार. भाच्याचा फोन आला. "मावशी, महाराष्ट्राने महायुतीला आडवं केलं!" मी विचारलं, किती मतांनी? तो म्हणाला, "मतं कशाला, ३० विरुद्ध १७." त्याला येत्या रविवारी भांडुपला जेवायला बोलावलं आणि येताना दोनशेपानी वही आणायला सांगितली. त्या रविवारी, म्हणजे ९ जूनला, संध्याकाळी दिल्लीत शपथविधी होता. आम्ही टीव्ही बंद ठेवून रकाने आखत बसलो होतो.

त्या दिवशी आणि नंतर दिवाळीच्या सुट्टीत त्याला जे दाखवलं, तेच इथे लिहिते. मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायचे. निम्मी नोकरी मानखुर्दला झाली. निवडणुकीची ड्युटी पाच वेळा आली, त्यात दोनदा केंद्राध्यक्ष. कुठल्या पक्षाशी देणंघेणं नाही, पण चुकीची बेरीज दिसली की माझा हात लाल पेनाकडे जातो.

सामान थोडंच लागतं: वही, पट्टी, पेन्सिल, खोडरबर, साधा कॅल्क्युलेटर. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मतदारसंघनिहाय निकाल असतो, आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर काही काळाने नमुना २० येतो. तो काय असतो ते पुढे सांगते.

पहिल्या पानावर पाच रकाने आखा: पक्ष, लढवलेल्या जागा, जिंकलेल्या जागा, मतांची टक्केवारी, आणि २०१९ चं तेच सगळं. "लढवलेल्या जागा" हा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत आणि तिथेच फसतात. आधी महाविकास आघाडी: काँग्रेस १७ लढली, १३ जिंकली. ठाकऱ्यांची शिवसेना २१ लढली, ९ जिंकली. शरद पवारांची राष्ट्रवादी १० पैकी ८. समोर महायुती: भाजप २८ पैकी ९, शिंद्यांची शिवसेना १५ पैकी ७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४ पैकी १, आणि परभणीची एक जागा महादेव जानकरांच्या राष्ट्रीय समाज पक्षाला सोडलेली, ती गेली. दोन्हीकडच्या लढवलेल्या जागांची बेरीज ४८ यायला हवी, ती येते. जिंकलेल्यांची बेरीज मात्र भाच्याची ४७ आली. तो पाच मिनिटं डोकं खाजवत बसला. मी गप्प. शेवटी त्यालाच सापडलं: सांगली, विशाल पाटील, अपक्ष. बेरीज जुळल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा आमच्या वर्गाचा नियम होता, तो इथेही लागू.

आता टक्केवारी भरा. आघाडीच्या तीन पक्षांची मिळून मतं ४४ टक्क्यांना किंचित कमी, महायुतीची साडेत्रेचाळीसच्या आसपास. फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत. ज्याला भाचा "आडवं केलं" म्हणत होता, ते मतांच्या रकान्यात जेमतेम खांद्याला खांदा लागल्यासारखं दिसतं. दोन्ही रकाने खरे आहेत. पण "राज्याने नाकारलं" असं कुणी म्हणालं, की कुठला रकाना बघून बोलतोय ते विचारायचं.

२०१९ शेजारी ठेवलं की आणखी गंमत कळते. काँग्रेसला तेव्हा १६ टक्क्यांच्या थोडी वर मतं होती आणि जागा एक. २०२४ ला १७ टक्क्यांना थोडी कमी मतं आणि जागा तेरा. वाटा अर्धा टक्का हलला, जागा तेरापट झाल्या! फक्त २०१९ ला ती २५ ठिकाणी लढली होती आणि आता १७ ठिकाणी, म्हणजे कमी शेतात तेवढंच पीक काढलं. भाजपचं उलट: मतांत साधारण दीड टक्क्याची घट, आणि जागा २३ वरून ९. "लढवलेल्या" रकान्याशिवाय हे कोडं सुटत नाही. अजित पवारांच्या पक्षाला राज्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास मतं पडली म्हणून लोक हसत होते. चारच ठिकाणी उमेदवार होते हो. ज्या ४४ ठिकाणी चिन्हच नव्हतं तिथलं मत घड्याळाला पडणार कसं?

फुटलेल्या पक्षाची तुलना मागच्या वेळच्या अखंड पक्षाशी करू नका. शिवसेना २०१९ ला १८ जिंकली होती, मग यातले कोण किती "राखले" हा वाद दोन भावांनी एका घराच्या भाड्यावरून घालावा तसा आहे. त्यापेक्षा दोन्ही सेना समोरासमोर जिथे लढल्या त्या जागा वेगळ्या काढा. तेरा निघतात. सात शिंद्यांच्या, सहा ठाकऱ्यांच्या.

दुसरं पान प्रदेशांचं, आणि ते दहा मिनिटांत होतं. मराठवाड्यात ८ पैकी ७ आघाडीच्या. विदर्भात १० पैकी ७. उत्तर महाराष्ट्रात नगरचे दोन धरून ८ पैकी ६. पश्चिम महाराष्ट्रात १० पैकी आघाडी ५, महायुती ४, सांगली वेगळी. मुंबईत ६ पैकी ४. आणि ठाणे-कोकणात ६ पैकी ५ महायुतीच्या, आघाडीला एकटी भिवंडी. मुंबईची हद्द ओलांडून ठाण्यात शिरलं की निकाल उलटा होतो, मग "महाराष्ट्राने" हा शब्द कुणासाठी वापरायचा?

यानंतर राज्य सोडा आणि आपला एक मतदारसंघ घ्या. मी अर्थातच ईशान्य मुंबई घेतला. लोकसभेचा मतदारसंघ म्हणजे सहा विधानसभा विभाग: मुलुंड, विक्रोळी, भांडुप पश्चिम, घाटकोपर पश्चिम, घाटकोपर पूर्व, मानखुर्द-शिवाजीनगर. ठाकऱ्यांच्या सेनेचे संजय दिना पाटील यांनी भाजपचे मिहीर कोटेचा यांना २९,८६१ मतांनी हरवलं. विभागवार आघाडी वर्तमानपत्रांत दोन-तीन दिवसांत येते, ती सहा ओळींत उतरवा. मानखुर्द-शिवाजीनगरने पाटलांना ८८ हजारांच्या आसपास आघाडी दिली. मुलुंडने कोटेचांना ६० हजारांच्या आसपास. विक्रोळी, घाटकोपर पश्चिम आणि बारीकशा फरकाने आमचं भांडुप पाटलांकडे, घाटकोपर पूर्व कोटेचांकडे. दोन्ही टोकांची वजाबाकी केली की २८ हजार उरतात, म्हणजे मधल्या चार विभागांचा आणि टपालाचा मिळून फरक जेमतेम दोनेक हजारांचा. मधले चारही आपापल्या दिशेला ओढून एकमेकांना खाऊन बसले.

माझ्या लोकलच्या डब्यात त्या आठवड्यात एकच वाक्य होतं: "मानखुर्दने पाडलं." मी मानखुर्दला शिकवलंय, म्हणून ते वाक्य मला टोचतं, हे आधीच कबूल करते. पण हिशेब म्हणूनही ते अर्धवट आहे. मुलुंडमध्ये कोटेचांना पाटलांच्या दुपटीहून जास्त मतं होती, तीही एकगठ्ठाच की. एका वस्तीच्या मतांना "कौल" आणि दुसरीच्या मतांना "गठ्ठा" म्हणायचं, तर वहीत दोन वेगवेगळ्या शाया लागतील. धुळ्यातही तेच झालं. मालेगाव मध्य या एका विभागाने काँग्रेसला दिलेली आघाडी बाकी पाच विभागांतली भाजपची आघाडी पुसून गेली, आणि शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी आल्या. सहाही ओळी लिहा आणि मग बोला.

आता वायव्य मुंबई. भाच्याला मी यासाठी अख्खं पान वेगळं ठेवायला सांगितलं, कारण सगळं गणित एका पानात शिकायचं तर याहून चांगलं उदाहरण नाही. शिंद्यांच्या सेनेचे रवींद्र वायकर ४,५२,६४४. ठाकऱ्यांच्या सेनेचे अमोल कीर्तिकर ४,५२,५९६. फरक ४८. आमच्या इमारतीच्या एका विंगमध्ये याहून जास्त मतदार आहेत.

हे दोन आकडे नुसते उतरवून थांबू नका, त्यांचे दोन भाग करा. यंत्रांतली मतं: कीर्तिकर ४,५१,०९५, वायकर ४,५१,०९४. यंत्रांवर कीर्तिकर एका मताने पुढे. मग टपाली मतं: वायकर १,५५०, कीर्तिकर १,५०१. इथे वायकर ४९ ने पुढे. ४९ वजा १, झाले ४८. भाच्याने कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून बोटांवर मोजलं. बाद ठरलेली टपाली मतं १११ होती, जिंकण्याच्या फरकाच्या दुपटीहून जास्त. आणि "नोटा"ला पंधरा हजारांहून जास्त.

टपाली मतं कुणाची? सैन्यातल्या लोकांची, २०२४ ला घरून मत देणाऱ्या ८५ पुढच्या आजी-आजोबांची आणि दिव्यांगांची, आणि आमच्यासारख्या ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांची. यातली मतं बाद का होतात ते मला चांगलंच माहीत आहे. मतपत्रिकेसोबत १३ ए नावाचं घोषणापत्र असतं. त्यावर आपली सही लागते आणि अधिकाऱ्याची साक्षांकनाची सहीही. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये चारशे लोक, पंखे तीन, चहा संपलेला. घाईत घोषणापत्र आतल्या पाकिटात जातं किंवा सही राहते. मुलांना "उत्तरपत्रिकेवर आसनक्रमांक लिहा" म्हणून वर्षभर ओरडणाऱ्या बाईंकडून हे होताना मी पाहिलंय. वायव्य मुंबईतली ती १११ कुणाची होती ते सांगता येत नाही, पण तुमची ड्युटी असेल तर सही तपासूनच पाकीट चिकटवा.

यापुढचं काम चिकाटीचं, केंद्रनिहाय. ते करण्याआधी तो आकडा जन्मतो कसा ते बघा.

२९ एप्रिल २०१९. मी केंद्राध्यक्ष. सकाळी उमेदवारांच्या एजंटांसमोर निदान पन्नास मतांचं मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, करून ते पुसलं होतं. संध्याकाळी शेवटचा मतदार गेला, कंट्रोल युनिटचं क्लोज बटण दाबलं, मग टोटल. ६११. आमच्या सतरा ए च्या नोंदवहीत, जिथे मतदाराची सही घेतात, तिथे ६१२. एका मताचा फरक. एजंट माझ्याकडे बघायला लागले, आणि एकाने खिशातून फोन काढला. मी सगळ्यांना बसवलं आणि नोंदवही पहिल्या पानापासून ओळ न् ओळ बोट ठेवून वाचायला घेतली. विसाव्या मिनिटाला सापडलं. दुपारी एक आजोबा सही करून, शाई लावून यंत्रापर्यंत गेले आणि "मला कुणालाच द्यायचं नाही" म्हणाले. नोटाचं बटण आहे, असं सांगितलं तर "तेही नको." नियमाप्रमाणे शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद करून त्यांची पुन्हा सही घेतलेली होती, फक्त आमच्या सहकाऱ्याचं अक्षर मुंगीसारखं. मी तेव्हा बाहेर व्हीलचेअरपाशी होते, मला सांगायचं राहून गेलं. सतरा सी नावाच्या फॉर्ममध्ये अशा मतदारांसाठी स्वतंत्र ओळ असते. तिथे १ लिहिला, हिशेब जुळला, सगळ्या एजंटांना प्रती सह्यांनिशी दिल्या. मतमोजणीला यंत्राची बेरीज याच कागदाशी ताडतात.

अशा प्रत्येक केंद्राची एक ओळ, असा जो मोठा तक्ता बनतो तो नमुना २०. लोकसभेसाठी तो विधानसभा विभागवार असतो. डावीकडे केंद्राचा क्रमांक, मग प्रत्येक उमेदवाराची मतं, मग वैध मतांची बेरीज, बाद मतं, नोटा, एकूण, आणि टेंडर व्होट (आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर कागदी मतपत्रिकेवर दिलेलं मत). सगळ्यात खाली यंत्रांची बेरीज, टपाली मतांची वेगळी ओळ, आणि महाबेरीज. टपाली मतं कुठल्याच केंद्राला जोडलेली नसतात, तेव्हा "आमच्या गल्लीतून टपाली किती" हा प्रश्न विचारू नका. पानं बहुधा स्कॅन केलेली, कधी तिरकी, ३ आणि ८ सारखेच दिसतात. शंका आली की आडवी बेरीज करा, ती चुकली की आकडा कुठला ते कळतं. छापायची तर आडवी छापा, नाहीतर शेवटचे रकाने कागदाबाहेर जातात.

आपलं केंद्र शोधा, पण क्रमांकावरून नाही. ही चूक मी केली आहे. २०१९ चा आणि २०२४ चा तक्ता शेजारी ठेवून एकाच क्रमांकाच्या ओळी ताडल्या आणि चाट पडले, केंद्र अक्षरशः उलटं फिरलेलं! सोसायटीच्या ग्रुपवर "आपल्या भागाने रंग बदलला" असं टाकलंही. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात गाठलं. मध्ये केंद्रांची फेररचना झाली होती, क्रमांक सरकले होते, आणि मी आमची इमारत रेल्वेपलीकडच्या वस्तीशी ताडत होते. संदेश पुसला, तोवर बेचाळीस जणांनी वाचला होता. तेव्हा मतदार यादीचा भाग उघडून त्यात कुठल्या इमारती आणि चाळी आहेत ते आधी बघा, मग क्रमांक. मतदारसंघांच्या हद्दी मात्र २००९ पासून त्याच आहेत, म्हणून २००९, २०१४, २०१९, २०२४ एका ओळीत ठेवता येतात. २००४ त्यात घुसडू नका.

उमेदवारांच्या रकान्यांत फक्त पहिले दोन बघून थांबू नका, तिसराही बघा. साताऱ्यात भाजपचे उदयनराजे ३२,७७१ मतांनी आले. समोर शरद पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच यादीत एका अपक्षाला नुसती पिपाणी मिळाली होती. त्याला ३७,०६२ मतं. दिंडोरीत तर पिपाणीवाल्या अपक्षाचं आडनावही भगरे, आणि मतं एक लाखाच्या वर. तरी तुतारीवाले भास्कर भगरे लाखाच्या पुढे मताधिक्याने निवडून आले. पिपाणीची सगळी मतं चुकून पडली असं मी म्हणणार नाही, तेवढं कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. पण शरद पवारांच्या पक्षाने त्या चिन्हाबद्दल आयोगाकडे तक्रार केली, एवढं वहीत लिहून ठेवा.

मतदानाच्या टक्केवारीवर लोक फार बोलतात, मी थोडंच बोलते. राज्यात २०१९ ला आणि २०२४ लाही ६१ टक्क्यांच्या आसपास. कोल्हापूर आणि गडचिरोली ७१ च्या वर, दक्षिण मुंबई पन्नासच्या आसपास, उत्तर मुंबई ५७. मुंबईकर आळशी, असं म्हणून पान मिटवण्याआधी छेद, म्हणजे यादीतली एकूण नावं, बघा. लालबाग-परळच्या यादीत विरारला गेलेले आहेत, बदलापूरला गेलेले आहेत आणि देवाघरी गेलेलेही आहेत. छेद फुगलेला असला की टक्का आपोआप उतरतो. २० मेच्या सोमवारी मी स्वतः दीड तास उन्हात उभी होते, आणि रांग सोडून घरी गेलेले लोक पाहिलेत. तेही या टक्क्यातून वजा झाले. मतदानाच्या रात्री टीव्हीवर येणारा आकडा अंदाजी असतो, पेन्सिलनेच लिहा.

शेवटचा रकाना "कारण". तो सगळ्यात शेवटी, पेन्सिलने, आणि एका जागेपुढे एकाहून जास्त कारणं लिहायला जागा ठेवून. दिंडोरीपुढे भाच्याने "कांदा" लिहिलं. बरोबर आहे, डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी मतदानाच्या तोंडावर उठली, तोवर शेतकऱ्याचं व्हायचं ते झालं होतं. बीडपुढे "मराठा आरक्षण". पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी हरल्या, तेव्हा एवढ्याशा फरकाला एकच कारण कसं पुरेल, म्हणून मी तिथे प्रश्नचिन्ह काढायला लावलं. आमच्या भांडुपपुढे त्याने ठसठशीत अक्षरात लिहिलं: "मूळ शिवसैनिक मशालीसोबत."

नोव्हेंबरात विधानसभा झाली. महायुतीच्या तीन पक्षांना २८८ पैकी २३०, भाजपला एकट्याला १३२. जूनमध्ये मशालीला, म्हणजे ठाकऱ्यांच्या सेनेला, बारीकशी आघाडी देणाऱ्या भांडुप पश्चिममधून शिंद्यांचा धनुष्यबाण निवडून आला. २३ तारखेला रात्री भाचा वही घेऊन आला. भांडुपसमोरची ओळ खोडली, नवीन लिहिली, ती वाचून पुन्हा खोडली. त्या जागी आता कागद विरळ झालाय, मागच्या पानावरचे वायव्य मुंबईचे आकडे त्यातून दिसतात.